लुधियान्यातला रविवार

दाजींना हिंदी धड येत नव्हतं, म्हणून मी लुधियान्याला गेलो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अठरा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवून त्यांनी नोकरी सोडली होती आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एक शेड भाड्यानं घेतली होती. शेडमध्ये वीज होती, देवाचा फोटो होता, मशीन नव्हतं. नवा लेथ परवडणारा नव्हता. लुधियान्यात जुने चांगले मिळतात असं कळलं. एका सरदारजींशी फोनवर बोलणं झालं. ताईनं पाटल्या मोडल्या. मशीन वाईट निघालं तर मोडायला दुसरं काही नव्हतं.

शुक्रवारी रात्री मिरजेहून दिल्लीची गाडी धरली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस पुरली. दाजींच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेलं चार किलोचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं कास्टिंग होतं.

"हे त्याच्या मशीनवर कातून बघायचं. बोलायला काय जातंय."

रविवारी पहाटे दिल्ली. निजामुद्दीनहून बसस्थानक लांब आहे. रिक्षावाल्याशी भाडं आधी ठरवा. लुधियान्याची बस सहा तास घेते. वाटेत ढाब्यावर थांबते. एक पराठा आणि लोण्याचा गोळा, एवढ्यात जेवण होतं.

हे शहर धुराचं आणि घाईचं आहे असं ऐकलं होतं. आम्हाला दिसली ती शटरं. गल्लीच्या गल्ली बंद. एका हातगाड्यावर सायकलींच्या मडगार्डांची चळत बांधून ठेवलेली, ओढायला माणूस नाही. चहावाल्याला विचारलं.

"आज तो इतवार है जी."

रविवार आम्ही मुद्दाम निवडला होता. कोल्हापुरात कारखाने सोमवारी बंद असतात. अठरा वर्षं दाजींनी सोमवारी सुट्टी घेतली आणि रविवारी काम केलं. जगात दुसरीकडे वेगळं असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्या कॉलेजला दर रविवारी सुट्टी असते. तरी माझ्याही आलं नाही. परतीची गाडी सोमवारी दुपारी दिल्लीहून होती.

सरदारजी घरच्या चपलांत आले आणि शटर उघडलं. लेथ हिरवागार होता, रंग ताजा. पण सुट्टीच्या दिवशी त्या भागाची वीजही बंद. दाजींनी काम पकडणारा चक हातानं फिरवला, मशीनच्या बेडवरून नख ओढत नेलं. खोट सापडली नाही.

"मक्खन है, मक्खन," सरदारजी म्हणाले. "कल दस बजे बटाला से पार्टी आ रही है."

मी दाजींना सांगितलं, आणि पदरचं जोडलं, "घ्यायला हरकत नाही." बुधवारी मला परीक्षेचं सुपरव्हिजन होतं.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं, मास्तर?"

"काही नाही."

"मग त्यांना सांगा, चालू बघितल्याबिगर न्हाय."

तिकिटं वाया गेली. स्टेशनजवळ दीडशे रुपयांत खोली मिळाली. पाणी सकाळीच भरून ठेवावं लागतं. संध्याकाळी गुरुद्वारात जेवलो. दाजींनी न सांगता भांडी घासायला बसकण मारली.

सोमवारी नऊला वीज आली. सगळी गल्ली एकदम सुरू झाली; शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. कास्टिंग सुरेख कातलं गेलं. सरदारजींनी टाळी वाजवली. दाजींनी मशीन बंद केलं नाही.

"आणखी एक तास."

"शादी करनी है इससे?" सरदारजी हसले.

मी मराठीत सांगितलं.

"व्हय म्हणावं. पोरंबाळं हिच्यावरच जगणार हायती."

तेही मी हिंदीत सांगितलं. सरदारजींनी दोन स्टुलं ओढली आणि चहा मागवला.

दहा वाजून गेले. बटाल्याची पार्टी आली नाही. पाऊण तासानं दाजींनी चकामागच्या गिअरच्या पेटीवर तळवा ठेवला.

"मास्तर, हात लावा."

लावला आणि चटका बसताच झटकन काढला. मग सरदारजींनी ठेवला. त्यांनीही काढला. तापलेली पेटी म्हणजे आतली झीज; भाषांतराची गरज पडली नाही. त्यांनी मशीन बंद केलं आणि आम्हाला मागच्या शेडमध्ये नेलं. तिथं एक लहान लेथ होता. रंग नाही, पायांना गंज.

"इसकी शक्ल नहीं है. इसलिए दिखाता नहीं."

तो दुपारी दोनपर्यंत चालवला. मग तोच घेतला.

परतीचा प्रवास जनरल डब्यात, दाराजवळ बसून, दोन रात्री. कोणाला सुचवणार नाही. सुपरव्हिजन चुकलं. प्राचार्यांनी खुलासा मागितला. रविवारचं कारण मी लिहिलं नाही.

दोन आठवड्यांनी ट्रक आला, तोही सोमवारी. आमच्या शेडची सगळी ओळ बंद, क्रेनवाला गावी. पंजाबी ड्रायव्हर बंद फाटकांकडे बघत उभा होता.

"आज सोमवार है जी," मी म्हणालो.

चहावाल्यासमोर आम्ही कसे दिसलो असू ते तेव्हा कळलं. दाजींनी त्याला घरी नेलं. ताईनं तांबड्या रश्श्यात त्याच्यासाठी दही घातलं, तरी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं दुसऱ्यांदा मागितला.

लुधियाना मला फारसं दिसलं नाही. एक बंद दिवस आणि एक चालू दिवस. कातलेलं कास्टिंग माझ्या टेबलावर आहे, खाली उत्तरपत्रिका.

मंगळवारी मशीन उतरवलं, बसवलं, सुरू केलं. ड्रायव्हर जायचा थांबला. ताई दारात उभी होती. दाजींनी घड्याळ लावून तासभर वाट पाहिली. मग पेटीवर तळवा ठेवला. बराच वेळ काढला नाही.