नागपूर ते जेद्दा, साडेपाच तास

एटापल्लीच्या पुढे जंगलात आमची पोलीस पोस्ट होती. मी वायरलेस ऑपरेटर. नकाशावाचनाचा कोर्स केलेला, म्हणून अंतराचा प्रश्न कुणालाही पडला की माझ्याकडे यायचा. त्या हिवाळ्यात हवालदार रशीद शेखनं माझं डोकं खाल्लं. तो मूल गावचा, बाप शिंपी. आईबाप हजला निघाले होते आणि त्याची अम्मी विमानाला घाबरत होती.

"भाऊ, नागपूर ते जेद्दा किती टाइम लागते?"

मी शाळेचा ॲटलास काढला. दोन्ही गावं जवळपास एकाच अक्षांशावर. सरळ पश्चिमेला, चार हजार शंभर किलोमीटर.

"साडेपाच तास."

"बस? मूलहून नागपूरले लाल डब्बाच चार तास घेते. तेवढ्यात अम्मी तीनदा ओकते."

त्याला नागपूरला निरोप द्यायला जायचं होतं. सुट्टी मंजूर झाली, पण वाट तपासल्याशिवाय कुणी पोस्टबाहेर पडत नसे आणि ते काम दोन दिवस रखडलं. शेवटी विमानाच्याच दिवशी सकाळी साडेपाचला आम्ही बारा जण निघालो. जीप अकरा किलोमीटरवर उभी होती. विमान संध्याकाळी सातचं. रशीद सगळ्यांना घाई करत होता.

सात चाळीसला नाल्याजवळ सुरुंग फुटला. पुढचा विनोद ढवळे जागीच गेला. त्याचा बूट पायासकट माझ्यासमोर पडला. त्याच्यामागे रशीद होता. त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली उरलेच नव्हते. लगेच टेकडीवरून नक्षल्यांचा फायर सुरू झाला.

मी दोन बेल्ट काढून त्याच्या मांड्या आवळल्या आणि सेट उचलला.

"कंट्रोल, एक डेड, एक सिरियस. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"नागपूरहून निघतंय. दोनशे दहा किलोमीटर, पंचावन्न मिनिटं. जागा मोकळी करा. ओव्हर."

जागा मोकळी करायला दीड तास लागला. त्यांच्यातला एक जण ढवळेची रायफल उचलायला नाल्यात उतरला. मी त्याला पंधरा पावलांवरून मारलं. पडताना तो गोंडीत आईला हाक मारत होता. ती हाक मला आजही झोपू देत नाही.

रशीद शुद्धीवर होता. "भाऊ, अम्मीले सांगू नको. इमान चुकन तिचं."

"नाई सांगत."

नऊ पन्नासला हेलिकॉप्टर त्याला घेऊन नागपूरच्या दवाखान्याकडे उडालं. तो हवेतच गेला. मी साहेबांना त्याचं शेवटचं बोलणं सांगितलं. "सातपर्यंत घरी मेसेज नाही," ते म्हणाले. सव्वासातला मीच मेसेज पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मोठ्या भावानं मूलला माती दिली.

चाळीस दिवसांनी मी मूलला गेलो. अम्मीनं हजहून आणलेले खजूर आणि जमजमचं पाणी पुढे ठेवलं.

"किती वाजता पोचला तो नागपूरले?"

"अकराच्या आत, अम्मी."

"अन् आमी तीनपर्यंत हाजींच्या मुक्कामीच होतो." तिनं खजुराची ताटली माझ्याजवळ सरकवली. "तो दवाखाना तिथून किती दूर होता?"

"त्यानंच सांगितलं होतं, अम्मी. तुमचं विमान चुकेल म्हणून."

"इमान पुढच्या साली बी असते, बेटा. पोराचं तोंड नसते. किती दूर होता?"

चूक माझीच होती. रशीद मरणाच्या दारात होता, त्याला काय कळणार. मला कळायला हवं होतं. तिच्याकडे बघवेना.

"तीन किलोमीटर," मी सांगितलं.