डिसेंबरचा अंक

मखमलाबादच्या योगिनीताई पिंगळे सकाळी फुलबाजारात झेंडू विकायच्या आणि दुपारी जुनी सचित्र मासिकं वाचत बसायच्या. रद्दीच्या दुकानांतून वेचलेले अंक त्यांनी कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेट्यांत जपले होते. कुणी आलं की हात पुसून एखादा अंक उघडायच्या, "बघा, काय रंग टिकलेत!"

पण १९३७ सालच्या एका मासिकातली गोमतीची क्रमशः कथा त्यांना छळत होती. नोव्हेंबरच्या चित्रात गोमती विहिरीवर उभी, एक पाऊल कठड्याबाहेर, मागे कुणाची तरी सावली. डिसेंबरचा अंक काही मिळेना. नऊ वर्षं गोमती तशीच उभी होती.

मग रद्दीवाल्या भिकानं सांगितलं, वणीला धोंडाबाई म्हणून एका मास्तरांची विधवा आहे, तिच्याकडे त्या सालचे बाराही अंक आहेत. योगिनीताईंनी दुसऱ्याच दिवशी बस धरली.

धोंडाबाईंनी ट्रंक उघडून अंक सतरंजीवर मांडले. "बघा निवांत. पर इकायचे नाय. फोटू बी काढायचा नाय. मालकांची आठवण हाय." एवढं बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

डिसेंबरचा अंक समोरच होता. तिथंच वाचता आला असता. पण योगिनीताईंच्या डोळ्यांपुढे आपला पुरा झालेला संच आला, आणि काय होतंय हे कळायच्या आत अंक पिशवीत गेला.

चहा पिऊन झाला. धोंडाबाई एकेक अंक ट्रंकेत ठेवू लागल्या आणि थबकल्या.

"अकराच कसे?"

त्यांनी सतरंजी झटकली, खाटेखाली वाकून पाहिलं. "माझंच डोकं चालंना बघा. कुठं ठिवला म्या? परवा तर व्हता..."

म्हातारीला आपला संशयही आला नाही, हे योगिनीताईंना सोसवेना. त्यांनी पिशवीतून अंक काढून पुढे धरला. "आजी, मी घेतला होता."

धोंडाबाईंनी अंक ओढून घेतला आणि पदरानं पुसला. योगिनीताई उठल्या, चपला पायांत सरकवल्या.

"थांबा," मागून आवाज आला. "एवढं काय हाय त्यात? मालक वाचून दाखवायचे. मला कुठं वाचता येतंय?"

योगिनीताई अंक घेऊन उंबऱ्याशीच बसल्या. पहिली दोन पानं त्यांनी मान वर न करता वाचली. मग गोमतीपाशी आल्यावर दोघींनाही बाकी कशाचं भान राहिलं नाही. ती सावली सासूची निघाली. सासूनं गोमतीला मागे ओढायला तिचा दंड असा धरला होता, की चित्रात तिच्या बोटांच्या शिरा दिसत होत्या.

"बरं केलं तिनं," धोंडाबाई म्हणाल्या. अंक स्वतःच्या हातानं ट्रंकेत ठेवून त्यांनी कुलूप लावलं. "मंगळवारी या. जानेवारीपासनं वाचा. पर पिशवी भाईर ठिवायची."

योगिनीताईंनी खाली मान घालून होकार दिला. तेव्हापासून मंगळवारी झेंडू लवकर खपवून त्या वणीची बस धरतात.