धुरात टांगलेलं मँडोलिन

आमच्या सोप्यात दाराच्या वर एक मँडोलिन टांगलेलं असायचं. काळंकुट्ट, तारा गंजून लाल झालेल्या. लग्न होऊन मी कडेगावजवळच्या ह्या घरात आले, उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, आन सासऱ्यांनी वर बोट केलं. "बघ संयोगिता, ही तुझ्या सासूची करामत. माझी वस्तू चुलीत घातली हिनं!" सगळे हसले. मी नवी नवरी, हसावं का गप बसावं कळंना. सासू, म्हंजे आमची आत्ती, ओवाळायचं ताट हातात घेऊन तिथंच उभी हुती. तिनं माझ्या डोळ्याला पाणी लावलं, कुंकू लावलं, आन ताट घेऊन आत गेली. मला तवाच आबांचा, म्हंजे सासऱ्यांचा, राग आला. तो अजून पुरता गेलेला न्हाई, आधीच सांगून ठिवते.

तसे आबा माणूस वाईट न्हाईत. हंबीरराव म्हंजे गावात एका शब्दाचा माणूस. फौजेतनं हवालदार हून आले, उसात राबले, आजून सकाळी अंथरुणाची घडी स्वतः घालत्यात. पण एकदा काय डोक्यात बसलं की बसलं. आन ते मँडोलिन त्यांच्या डोक्यात बसलं हुतं. पाव्हणा आला, चा पिला, की बोट वर. सोयरीक जमवायला आलेल्या माणसांनासुदिक त्यांनी ती कथा सांगितली. आवं, काय गरज हाय का?

कथा अशी. पलटण कलकत्त्याला असताना एका गोव्याच्या गड्यानं आबांना मँडोलिन शिकवलं, आन त्यांनी तिथलंच एक विकत घेतलं. सुट्टीवर आले की ते बगलेत. आत्तीचं, रंगूबाईचं, तवा नवं लग्न. तिचा गळा लय गोड, माहेरासनं ओव्यांचं गाठोडंच घेऊन आलेली. पण सासऱ्याच्या म्होरं नवऱ्याशेजारी बसून गायची सोय नव्हती. मग ती माजघरात दाराआड बसून ओवी म्हणायची, आबा सोप्यात बसून तिच्या सुरात वाजवायचे. मधी भिंत. गल्लीतली माणसं अंगणात येऊन बसायची म्हणं. म्हातारी बनुबाई आजून सांगती, असं जोडीनं वाजलेलं पुन्हा कवा ऐकलं न्हाई.

मग आबांची बदली झाली बर्फात. तिकडं वाद्य न्यायची सोय नव्हती. जाताना आत्तीला म्हणाले, "जिवापाड जप."

आता आमच्याकडं जिवापाड जपायची वस्तू कुठं ठेवत्यात? जिथं बियाणं ठेवत्यात तिथं. पुढल्या पेरणीची जोंधळ्याची कणसं चुलीच्या वर, आढ्याला टांगायची, धुरात. धुरानं भुंगा लागत न्हाई, उंदीर फिरकत न्हाई. घरात उपाशी राहायची पाळी आली तरी त्या कणसांना हात लावायचा न्हाई, असली ती जागा. आत्तीनं मँडोलिन आपल्या लग्नातल्या लुगड्यात गुंडाळलं आन कणसांच्या शेजारी टांगलं.

आबा दीड-दोन वर्षांनी आले ते नेमके जत्रेत. सोपा माणसांनी भरलेला. गडी म्हणाले, "हंबीरराव, हूं द्या जरा." लुगडं सोडलं तर आत कोळशागत काळं मँडोलिन. तारा खाली दबंनात, दाबायला जावं तर बोटं कापायची, आन सूर तर एक ठिकाणी नव्हता. कुणीतरी फिसकन हसलं. झालं! फौजेतला माणूस, गावात नाक गेलं. भर माणसात वरडले, "अक्कल हाय का तुला? चुलीत घातलीस माझी वस्तू! पुन्हा तोंड उघडू नगंस माझ्याम्होरं!"

आत्तीनं न्हाई उघडलं. म्हंजे बोलायची, जेवायला वाढायची, पोरं झाली, संसार झाला. पण घरात ओवी न्हाई. आबांनी तसंच वाकडं मँडोलिन दारावर टांगून ठिवलं.

आता खरी गोष्ट. यंदा आमच्या थोरल्या दिरांच्या पल्लवीचं लग्न ठरलं. पुण्यात नोकरी करणारी पोरगी, पण हट्ट धरून बसली. "आज्जी, हळदीला डीजे नको. तू ओवी म्हणायची. बनुआज्जी सांगती तू म्हणायचीस." आत्ती म्हणाली, "मला न्हाई येत बाई आता." आन पीठ मळायला लागली. पल्लवीनं तोंड पाडलं, आमच्या ह्यांनी आबांकडं बघितलं, मी तर टक लावूनच बघितलं. आबांनी हातातला कप खाली ठिवला, उठले, स्टूल घेतलं आन मँडोलिन खाली काढलं. एवढ्या वर्षांत पयल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मिरजंला येतीस? ह्याला नीट करून आणू. हे वाजलं की ती गातीय बघ." मी गाडी काढली. मला ती आशा जरा खुळ्यागत वाटली, पण त्यांच्या तोंडाकडं बघून बोलवंना.

मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत दस्तगीरचाचांचं दुकान हाय. पुढं अर्ध्या सतारी, भोपळे, सरस शिजतोय, आन चाचा मांडी घालून. चाचांनी मँडोलिन हातात घेतलं, त्याची लांब मान डोळ्याशी धरून बंदूक रोखल्यागत बघितलं, बोटानं पाठ वाजवली. आबांचं लगेच सुरू झालं, "आमच्या हिनं चुलीवर टांगलं वो, धुरानं वाटूळं..."

"धुरानं काय नाय झालं," चाचा म्हणाले. "धूर वरच्या पॉलिशला लागलाय, तो पुसला की गेला. उलट धुरानंच वाचवलंय ह्याला. ह्या वयाची वाद्यं माझ्याकडं येतात, आत भुंग्यानं पोखरलेली असतात. ह्याला एक भोक दाखवा." मग त्यांनी मँडोलिनची मान आमच्याकडं वळवली. मधनं धनुष्यागत वाकलेली. "हे तारांनी केलंय. आठ तारांचा ताण रात्रंदिवस. वाजवायचं नसंल तर तारा ढिल्या करून ठेवायच्या असतात. जाताना ढिल्या केल्या होत्या का?"

आबा तारांकडं बघायला लागले.

"कुणी वाजवत होतं हे?"

"मीच. फौजेत शिकलो," आबा म्हणाले.

"मग तुमाला ठाऊक पाहिजे होतं, फौजी." चाचा तेवढंच म्हणाले आन तारा कापायला लागले. टण्, टण् करून एकेक तार तुटत हुती, आन आबा त्या आवाजाला डोळे मिटत हुते. मला खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं. म्हटलं, बरं झालं, कुणीतरी सांगितलं एकदाचं. पण मग त्यांचे हात बघितले, गुडघ्यावर गप पडलेले, आन ते बरं वाटणं गेलं.

चाचांनी काय काय करायचं ते सांगितलं. मान गरम करून शिकंज्यात, म्हंजे लाकडी पेचात, आवळायची, मानेवरचे पितळी पडदे घासून एका रेषेत आणायचे, तारांखालची घोडी नवी करायची, तारा बोटाजवळ खाली आणायच्या म्हंजे म्हाताऱ्या बोटांना जोर लागणार न्हाई. मग म्हणाले, "साथ कुणाची करणार? गाणाऱ्याची पट्टी सांगा, त्या जाडीच्या तारा लावतो."

"बायकोची," आबा म्हणाले. "काळी पाच."

"ही कधीची?"

"लग्नातली."

चाचा हसले. "आजची सांगा. वयानं आवाज उतरतो. घरी फोन लावा, एक ओळ म्हणायला सांगा."

आबांनी माझ्या फोनवरनं घरी फोन लावला. "आगं, मी बोलतोय मिरजंहून. एक वळ म्हण की. कुठलीबी. ह्यांना पट्टी बघायची हाय." तिकडनं आत्तीचा आवाज, अगदी साधा, "मी न्हाई गात. येताना खोबरं आणा." फोन ठिवला तिनं. आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "तिचा गळाच गेला असंल आता. मीच घालवला."

आता मी काय करावं? मला म्हायती हुतं. गावातल्या एकूणएक बाईला म्हायती हुतं. भांगलायच्या, म्हंजे तण खुरपायच्या, दिवसात आमी बायका पैऱ्यानं एकमेकींच्या रानात जातो, आज तुझ्या, उद्या माझ्या. गडी माणूस तिकडं नसतोच. तिथं आत्ती गाती. सरीत बसल्यापासनं उठंस्तवर गाती. माझ्या लग्नाच्या पयल्या वर्षी मी ऐकलं तवा खुरपं तसंच हातात राहिलं हुतं. बनुबाईनं मला दटावलं, "घरात बोलायचं न्हाई." मी न्हाई बोलले. पण ह्याच पावसाळ्यात मी तिच्या नकळत फोनवर भरून घेतलं हुतं, पुढं-मागं पल्लवीला द्यावं म्हणून.

बायकांचा शब्द मोडायला मला लय जड गेलं. पण म्हाताऱ्याला वाटत हुतं तिचा गळा गेला, आन ते खोटं हुतं. मी फोन काढला आन लावलं.

वाऱ्याचा आवाज, खुरप्यांचा खरखराट, कुणीतरी हसलेलं, आन मग आत्ती. चाचांनी हारमोनियमवर बोट ठिवलं, एक पट्टी सोडली, दुसरी धरली. "पांढरी पाच," म्हणाले. "काय गळा हाय बाईंचा!"

आबांचं चाचांकडं ध्यान नव्हतं. पुन्हा लाव म्हणाले, मी लावलं. मग हळूच विचारलं, "हे कवाचं?"

"यंदाचं. आवं आबा, त्या दरसाल गात्यात. रानात."

"दरसाल," आबा म्हणाले. येताना गाडीत एक शब्द बोलले न्हाईत. खोबरं आणायचं मीच ध्यानात ठिवलं.

आठवड्यानं मँडोलिन आणलं. मूळचा मधासारखा रंग वर आला हुता. आबा थेट सैपाकघरात गेले, जिथं ते कवा जात न्हाईत. मी भाजी निवडत हुते, उठायला लागले तर म्हणाले, "बस तू. तुझ्याम्होरंच बोलतो. त्या दिवशी माणसांत बोललो हुतो." आन आत्तीला म्हणाले, "धुरानं काय झालं नव्हतं. तारा ताणलेल्या ठिवून मीच गेलो. माझं चुकलं, रंगू."

आत्तीनं भाकरी उलटली. "धुरानं काय हुत न्हाई ते मला ठाऊक हाय. माझ्या आईनं जल्मभर बियाणं टांगलं, एक दाणा वाया गेला न्हाई."

"मग तवा बोलली का न्हाईस?"

"बोलले की. तुमी वरडत हुता."

आबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "आता गाशील?"

आत्ती त्यांच्याकडं बघून बोलली, आन तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मला म्हायती हाय तुमी ऐकलंय. रानात हिच्या हातातला फोन दिसला हुता मला, आन आता ही पोरगी आठ दिवस माझी नजर चुकवतीया. आवं, मी काय सूड धरून न्हाई बसले. पयल्या-पयल्यांदा धरला, मग इसरले. लय वेळा वाटलं म्हणावं. पण तुमाला बघितलं की गळा धरतोय. मुद्दाम न्हाई करत मी. उघडतच न्हाई."

मला तिथंच रडू फुटलं. आबा न्हाई रडले. "बरं," म्हणाले. "पल्लवीच्या हळदीला मी नसतो मांडवात. तू गा."

आन खरंच हळदीच्या दिवशी आबांनी मँडोलिन बगलेत मारलं. जाताना मला कोपऱ्यात घेतलं. "मी पोराचा फोन घिऊन विहिरीवर मोटरीच्या खोलीत बसतो. ओवी सुरू झाली की मला फोन लावून ठीव. तिला कळू दिऊ नगं." मी लावला. त्यांना नीट ऐकू जावं म्हणून आवाज पुरता वाढवून, पदराखाली धरून आत्तीच्या मागंच बसले.

आत्ती गायली. बनुबाईनं साथ धरली, म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले, पल्लवी तर हळदीच्या अंगानंच रडली. दुसऱ्या ओवीला माझ्या पदराखालनं बारीक आवाज यायला लागला. आबा वाजवत हुते. आत्तीच्या सुरात, पांढरी पाचमधी, कुठं मागं न्हाई कुठं पुढं न्हाई. माझ्या अंगावर काटा आला. आवाज कमी करावा म्हणून मी चाचपडायला लागले आन आत्तीनं मान वळवली.

ओवी पुरी केली तिनं. मग हात पुढं केला. मी फोन दिला. तिनं कानाला लावला. तिकडं आबांना वाटलं आसंल की बायका पुढली ओवी आठवत्यात, ते आपले वाजवतच राहिले. आत्तीचे ओठ हलले. मला वाटलं, म्हणती आता. मी देवाला हात जोडले. पण नुसते ओठच हलले. घशाशी हात लावला तिनं, डोळ्यातनं घळाघळा पाणी आलं, आन फोन माझ्या हातात दिला.

"चांगलं वाजवत्यात," म्हणाली. "पयल्यापासनंच चांगलं वाजवायचे. मी ऐकलं म्हणून सांगू नगंस त्यांना."

तिन्हीसांजेला आबा आले. मला बाजूला बोलवून विचारलं, "तिला कळलं न्हाई न्हवं?"

"न्हाई," मी म्हटलं.

त्यांना बरं वाटलं. सोप्यात बसून त्यांनी चाचांनी सांगितल्यावाणी एकेक तार ढिली केली, मँडोलिन पुसलं आन आत्तीला हाक मारली, "आगं, हे कुठं ठिवू?"

आत्ती आतनं म्हणाली, "द्या हिकडं. मी ठिवते."