काठीच्या सावलीवरचं पाणी

सत्तेचाळीस साली विलायतेत शिकायला गेलो. पहिल्याच आठवड्यात पाच मिनिटं उशीर झाला म्हणून प्राध्यापकांनी मला दाराबाहेर उभं केलं. "तुमच्याकडे वेळेला किंमत नसते," म्हणाले.

मी पाटलाचा पोरगा. कोरेगावात माझ्यासाठी सगळे थांबायचे, एक पाटकरी सोडून. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पाटाच्या कडेला काठी रोवून तो तिच्या सावलीवर एकेकाच्या उसाला पाणी द्यायचा. एकदा वडील म्हणाले, "आणखी थोडा वेळ राहू दे." त्यानं खोऱ्यानं माती ओढून आमचं पाणी बंद केलं.

"आवं पाटील, सावली सरली. आता पानी शेजारच्या म्हातारीचं."



विलायतेत दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात सगळ्यांच्या आधी हजर राहू लागलो. प्राध्यापकांना वाटलं, हे त्यांनी शिकवलं.