मोडीतल्या चिठ्ठ्या

डॉक्टर आबासाहेब दिघे प्रयोगशाळेत शिरले की आधी पिंजऱ्यांतल्या उंदरिणींना रामराम करायचे. "काय बायांनो, ठीक आहे ना सगळं?" मग आम्हा मदतनिसांकडे वळायचे. इंदरगंजातले लोक त्यांना 'चूहेवाले डॉक्टर' म्हणत. "म्हणू देत. माणूस डॉक्टरला खोटं सांगतो, उंदीर नाही सांगत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

बीजकोशातून रक्तात उतरणाऱ्या रसावर स्तनातली गाठ पोसते का, हे ते शोधत होते. गाठ आलेल्या सगळ्याच उंदरिणींना चीर देऊन टाके घालत, पण बीजकोश निम्म्यांचेच काढत. वरून सगळ्या सारख्या. कोणती कुठली, हे फक्त पिंजऱ्यामागच्या चिठ्ठीवर. मोजताना आपलं मन कलू नये म्हणून वहीतसुद्धा लिहीत नसत.

त्यातच वहिनींच्या, म्हणजे आबांच्या पत्नीच्याच, छातीत गाठ निघाली. सर्जन म्हणाले, बीजकोश काढून पाहू, पण भरवसा देत नाही. आबा म्हणाले, "थांबा, माझ्या बायांना विचारतो."

तेवढ्यात मध्यभारत राज्य मोडलं, राजधानी भोपाळला गेली. हुकूम आला, सगळ्या नोंदी नागरीत करा. आबांच्या चिठ्ठ्या मोडी लिपीत; दाना ओली मोहल्ल्यातलं दफ्तरदारांचं घराणं ना! नोकरीच्या कामासाठी भोपाळला निघताना चिठ्ठ्या नागरीत उतरवायचं काम माझ्यावर टाकत त्यांनी विचारलं, "मोडी येते ना रे?" मी शिलेदाराचा नातू, जयेंद्रगंजात आमची ऐट केवढी! "म्हणजे काय, आबा!" म्हणालो. येतेय डोंबल! चिठ्ठ्यांवर शब्द दोनच, 'काढले' आणि 'राखले'. त्यातला कोणता कुठला ते अंदाजानं ठरवलं, नव्या चिठ्ठ्या लावल्या, जुन्या फाडून टाकल्या.

आबा परतले. महिनाभर गाठी मोजल्या, मग चिठ्ठ्या पाहिल्या. बीजकोश काढलेल्यांच्याच गाठी वाढल्या होत्या. वहिनींना म्हणाले, "नको ती चिरफाड. बायांनी नाही म्हटलंय."

वहिनी हसल्या. "सवतींचं बरं ऐकता तुम्ही!"

पुढच्या दिवाळीला वहिनी नव्हत्या.

तेरावा आटोपून आबा कामावर आले आणि मेलेल्या उंदरिणी उघडून पाहू लागले. 'काढले' लिहिलेलीच्या पोटात दोन्ही बीजकोश जागच्या जागी. दुसरीच्याही. तिसरीच्याही. त्यांनी कात्री खाली ठेवली. मी पुढे झालो.

"आबा, मला मोडी येत नाही."

वहिनी तरीही गेल्या असत्या, असं सर्जन पुढे म्हणाले. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. आबांनी त्या दिवशी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. त्यांनी हात धुतले, कितीतरी वेळ पुसत राहिले.

"अरे, सांगायचंस ना लेका. चार दिवसांत शिकवली असती."