मोठं हेलिकॉप्टर आणि निघोज्याचं रान

धाकट्या भावाला पहिलं हेलिकॉप्टर मीच आणून दिलं होतं. तळहाताहून थोडं मोठं, एकावर एक दोन पंखे असलेलं, शिकाऊ माणसासाठी केलेलं. हॉलमध्ये ते शहाण्यासारखं उडायचं. सांगवीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर नेलं की नदीकडचा वारा त्याला कठड्यापर्यंत ढकलत न्यायचा आणि भाऊ रिमोट धरून त्याच्या मागे चालत राहायचा. काही महिन्यांनी त्याचा हात बसला. मग त्याला मोठं हवं झालं.

तो चाकणच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर आहे. शिफ्ट बदलत राहते, सुट्टी मात्र गुरुवारचीच. मी वर्तमानपत्रात आहे; माझी साप्ताहिक सुट्टीही मी गुरुवार मागून घेतली. पूर्वी त्या दिवशी तो दुपारपर्यंत झोपायचा, उठून टीव्हीसमोर बसायचा आणि तिथेच पुन्हा डोळे मिटायचा. हेलिकॉप्टर आल्यापासून तो सकाळी उठू लागला. मोठ्याचा विषय निघाला तेव्हा भावजय मला म्हणाली, "दादा, काहीही घ्या. पण त्यांची सुट्टी ही सुट्टी राहू द्या."

पिंपरीतल्या दुकानदाराने काउंटरवर दोन हेलिकॉप्टरं ठेवली. दोन्ही बॅटरीवरची, दोन्हींना वर एकच पंखा आणि शेपटीला एक छोटा. मधल्या मापाचं पातं वीतभर, मोठ्याचं हातभर.

"मधलं सोसायटीच्या मैदानात चालेल, पण वाऱ्यात नाचणार," तो म्हणाला. "मोठं वाऱ्याला जुमानत नाही. लांबून दिसतंही नीट. फक्त जागा पाहिजे, भाई. माणसं नको, गाड्या नको, तारा नको. हे पातं लागलं तर बोटं शोधत बसाल."

त्या दिवशी आम्ही काही घेतलं नाही. आधी जागा पाहायला गेलो. ताथवड्याच्या ज्या माळावर भावाचा डोळा होता, तिथे पत्र्याचं कुंपण लागून आत क्रेन उभी होती. नदीकाठच्या मोकळ्या पट्ट्यात क्रिकेटचे सामने चालू होते. शेवटी रान मिळालं ते निघोज्याला, त्याच्या कारखान्याच्या मागच्या बाजूला. कुठली तरी कंपनी येणार म्हणून ते पडीक ठेवलेलं होतं. मालक ओळखीचा निघाला. उडवा, म्हणाला.

"मधलं घे," परतताना चाकणच्या कोंडीत अडकलो तेव्हा मी म्हटलं. "गुरुवारी पण याच ट्रकांमागे बसणार का?"

"मधलं म्हणजे पुन्हा वाऱ्यामागं पळायचं," तो म्हणाला. "आठवडाभर लाइन पळवतीय मला. एक तरी वस्तू जागेवर उभी राहू दे, दादा."

मोठं घेतलं.

जोडणी त्याने घरी केली. प्रत्येक बोल्ट पूर्ण आवळला आणि आवळल्याची खूण म्हणून त्यावर पिवळ्या मार्करची रेघ ओढली, लाइनवर ओढतात तशी. रानात पंखा वेग घेऊ लागला तसं अख्खं यंत्र थरथरत जमिनीवर सरकू लागलं. त्याने लगेच बंद केलं आणि दुकानदाराला फोन लावला.

"पात्यांचे बोल्ट कचकचून आवळलेत ना?" दुकानदार हसत होता. "चाकणवाले सगळे हेच करतात. थोडे सैल ठेवा. फिरताना पाती आपली आपण सरळ होतात."

"सैल बोल्ट पुढं सोडला तर आमच्याकडं मेमो हातात पडतो," भाऊ म्हणाला. तरी त्याने ते दोन बोल्ट ढिले केले आणि त्यांच्यावरच्या रेघा अंगठ्याने पुसल्या.

या वेळी ते उठलं आणि डोक्याएवढ्या उंचीवर थांबलं. वारा होता. ते हललं नाही. भावाचे ताठलेले खांदे सैल झाले.

तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. गाडीवर त्याचा लाइनलीडर होता, निघोज्याचाच.

"आरं, तू हितंच हाय व्हय!" तो ओरडला. "लई बरं झालं. मेंटेनन्सला एक माणूस कमी हाय. चल, ओव्हरटाइम लावतो."

भावाने हेलिकॉप्टर उतरवलं. "आज नाही. सुट्टी आहे."

"सुट्टी हाय तर कंपनीच्या मागं काय करतुयास? घरी करमत न्हाई?"

"आज नाही येत."

"बघ बाबा. पुढच्या येळंला तू रजा मागशील, तवा मी बी सुट्टीवर आसन." तो हसला. गाडी गेली.

भावाने दुसरी बॅटरी जोडली आणि थोड्याच वेळात काढून ठेवली. लक्ष लागत नाही, म्हणाला. परतताना चाकणच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या. एरवी गाडीत लागते तशी त्याला झोप लागली नाही. तो ट्रकांच्या मागच्या पाट्या वाचत बसला. घरी भावजयीने कसं झालं विचारलं. "चांगलं उडालं," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

नंतरच्या गुरुवारी आम्ही पुन्हा तिथेच गेलो, कारण दुसरी जागा नव्हती. लाइनलीडर आला नाही. पण मोठं हेलिकॉप्टर हवेत असताना नजर काढता येत नाही, आणि बांधामागच्या रस्त्यावर मोटारसायकली चालूच होत्या. आवाज जवळ आला की भाऊ आधी ते खाली उतरवायचा, पंखा थांबेपर्यंत उभा राहायचा, आणि मग मान वळवून कोण आहे ते पाहायचा.