वही घरी राहिली

इंटरची परीक्षा देऊन मी त्या मे महिन्यात घरी बसलो होतो, आणि बसल्या बसल्या माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न लावलं. म्हणजे जमवलं नाही. पुढं उभा राहून लावलं. आदल्याच वर्षी आमच्या माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. नायगावच्या बी.डी.डी. चाळीत घराघरांतले देव गेले होते, पण नव्या रीतीनं लग्न लावायचं कसं, हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं? भिक्खू काही मिळेनात. आमच्या मजल्यावर कॉलेजात जाणारा मी एकटा, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मीही फुशारलो.

हट्ट आक्काचा होता. आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी, मिलच्या वाइंडिंग खात्यात कामाला. पांढरं लुगडं नेसणार, अक्षता नकोत, फुलं टाकायची, असं तिनं घरात बजावून ठेवलं होतं. पांढरं म्हटल्यावर आई दोन दिवस धड जेवली नाही. मुलगा शिवडीचा, गोदीत कामाला. त्याची ना नव्हती. ना होती त्याच्या चुलत्याची. मुलाला वडील नव्हते, त्यामुळे सगळं चुलत्याच्या शब्दावर. त्यानं आमच्या दारात बसून सांगितलं, की करा तुमच्या मनासारखं, पण कुठं काही चुकलं, अडखळलं, तर मी दोघांना घरी नेऊन अंतरपाट धरीन, अक्षता टाकीन, त्याशिवाय ही पोरगी आमच्यात सून म्हणून यायची नाही. बाबा मान खाली घालून ऐकत होते. आक्काला त्या म्हाताऱ्या चुलत्यापुढं बोलता येईना, म्हणून तिनं आत भांडी आपटली.

कॉलेजातल्या एका सरांनी वंदना, पाच शीलं आणि वधूवरांच्या प्रतिज्ञा सांगितल्या, त्या मी वहीत उतरवून आणल्या. रोज संध्याकाळी आक्का कामावरून आली की स्टोव्ह पेटवायची आणि मी दाराशी बसून घोकायचो. स्टोव्ह भर्रभर्र करायचा. "मोठ्यानं वाच की," ती आतून ओरडायची. मला वाटायचं, ही माझी परीक्षा घेतेय. मग मी चिडून आवाज चढवायचो आणि शेजारची मुलं दारात येऊन हसायची. सबंध मे महिना हेच चाललं होतं.

लग्नाच्या सकाळी ती म्हणाली, वही बरोबर असू दे. मी म्हटलं, पाठ आहे. वही बघून म्हणायचं तर कॉलेजात जाऊन दिवे काय लावले, असली माझी तेव्हाची अक्कल. वही फळीवरच राहिली.

मैदानात आदल्या संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राची सभा झाली होती. तेच स्टेज आणि तोच माइक आम्ही मागून घेतला होता. मागच्या फलकावर आम्ही पांढरी चादर लावली होती, तिच्या कडेनं नुसतं 'मुंबईसह' तेवढं दिसत होतं. चुलता पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. वंदना झाली, चार शीलं झाली. पाचवं दारूचं. त्यातला पहिलाच शब्द जिभेला पीळ घालणारा, आणि नेमका तोच गेला. डोक्यात नुसती स्टोव्हची भर्रभर्र. मागून कुणीतरी म्हणालं की दारू सोडायची म्हटल्यावर घशात अडकणारच, आणि हशा पिकला. चुलता हसला नाही. त्यानं घडी सोडली आणि खुर्चीवरून उठायला लागला. बाबांच्या तोंडाकडं मला बघवेना.

तेवढ्यात कर्ण्यातून बाईचा आवाज आला. आक्का! माइक आम्हा दोघांच्या मधोमध होता. मान खाली, नजर जमिनीवर, आणि ती पाचवं शील पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अक्षर न चुकता म्हणत होती. मी तिच्या मागून म्हटलं, माझ्या मागून नवऱ्या मुलानं. पुढं प्रतिज्ञा आल्या, तर त्याही माझ्या आधी तिच्या ओठांवर.

संपलं. पण संपलं हे कळायचं कसं? 'सावधान' नाही की वाजंत्री नाही. सगळे मुठीत फुलं धरून माझ्याकडं बघत राहिले. झालं का रे, असं आईनं खालून विचारलं. मी चुलत्याकडं पाहिलं. तो अजून अर्धवट उभाच होता.

"अडखळलं ते कॉलेज," तो म्हणाला. "नवरी कुठं अडखळली?"

आणि त्यानं हातातली फुलं टाकली. मग सगळ्यांनीच टाकली.

पुढं कितीतरी दिवस चाळीत माझी टर उडत होती. मीही हसायचो, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि ते विसरलो म्हणून नव्हे. आक्काची शाळा चौथीतून सुटली होती. आई मिलमध्ये जायची आणि मला सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं. त्याची लाज मात्र मला त्या स्टेजवर पहिल्यांदा वाटली.

कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी, रविवारी, ती माहेरी आली. मी वही तिच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, ही तुझी. तिनं ती परत सरकवली.

"मला काय करायचीय? मला पाठ आहे. वही तुला लागते."

मग तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तू मोठ्यानं वाचायचास ते बरं होतं रे. तिकडं कुणी वाचत नाही."

सोमवारी कॉलेज सुरू झालं. पुढच्या रविवारी मी इतिहासाचं नवं पुस्तक काखेत मारून शिवडीला गेलो. चुलता दारातच बसला होता. कॉलेज आलंय, अशी त्यानं आत वर्दी दिली. आक्कानं स्टोव्हला पंप मारला, कालवण चढवलं आणि मागं वळून न बघताच म्हणाली, "मोठ्यानं वाच."